टिनाच्या खोलीतली रेल्वे

डोळ्यांत बाहुली मोठी करायचं औषध घातलेलं असताना माणसानं काहीही विकत घेऊ नये. नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बरंच काही सांगितलं होतं. उन्हात फिरू नका, वाचू नका, गाडी चालवू नका. हे एवढंच सांगायचं राहिलं. परतीच्या बसला अवकाश होता म्हणून मी काळा चष्मा लावून जुन्या सामानाच्या बाजारात शिरलो. तिथं जमिनीवर अंथरलेल्या पोत्यावर, बंद पडलेली घड्याळं आणि एक कान तुटलेली पितळी कढई यांच्या मधोमध ते इंजिन होतं. हिरवं, पत्र्याचं, बाजूला चावी. मागे दोन डबे आणि सुतळीनं बांधलेली रुळांची जुडी.

तसलं इंजिन मी लहानपणी भंडाऱ्याच्या एका दुकानात काचेमागे पाहिलं होतं. वडील "चाल" म्हणाले आणि मी चालू लागलो. पण मान मागे वळली ती वळलेलीच राहिली असावी, कारण साठी उलटल्यावरही मला दुकानदाराशी घासाघीस सुचली नाही. धूसर डोळ्यांना इंजिन नव्या नवरीसारखं चमकत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अड्याळला, आमच्या ओसरीत, नजर साफ झाली. हिरव्या रंगाखाली गंज होता असं म्हणणं बरोबर नाही. गंजावर थोडा हिरवा रंग होता. एका डब्याचं बूड कुणीतरी तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून बसवलं होतं. त्यावर उलट्या अक्षरांत "शुद्ध" एवढंच वाचता येत होतं.

बायकोनं चहा ठेवला आणि इंजिन हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"डोळे तपासाले गेलते ना तुमी?" तिनं विचारलं.

मी अड्याळच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत मी सल्ले देणं सोडून काही केलं नव्हतं, आणि ज्यांना देत होतो त्यांनी हळूहळू दुसऱ्या रस्त्यानं जायला सुरुवात केली होती. त्यामुळे हातात काम आलं याचा मला आनंदच झाला. चावी फिरत नव्हती. आतली स्प्रिंग आखडली होती. मी स्वयंपाकघरातून जवसाचं तेल आणलं आणि सढळ हातानं सोडलं. चार दिवस इंजिन सुंदर पळालं. पाचव्या दिवशी स्प्रिंग अशी घट्ट चिकटली की चावी दातात धरूनही हलेना. जवसाचं तेल हवेत वाळून राळेसारखं होतं, रंगकामात ते त्याचसाठी वापरतात, हे मी नववीच्या वर्गाला स्वतः सांगितलेलं आहे. शेवटी बायकोनं शिलाई मशीनच्या तेलाची कुपी माझ्यापुढे ठेवली आणि काही न बोलता गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

इंजिन पळू लागल्यावर मला हाव सुटली. मोबाईलवर शोधलं तर हल्लीच्या विजेवर चालणाऱ्या रेल्वे दिसल्या. हुबेहूब डिझेल इंजिन, खिडक्यांत दिवे, वेग कमीजास्त करायला बटण. मी एक पूर्ण संच मागवला. जुनं इंजिन आणि नवं इंजिन एकाच रुळावर धावतील, एक शतक दुसऱ्या शतकाला ओलांडून जाईल, असं मी चहाच्या टपरीवर आमच्या निवृत्त मंडळींना सांगूनही टाकलं. मंडळी गंभीरपणे ऐकत होती. बहुतेक त्यांना मी सल्ला देत नाहीये याचंच समाधान असावं.

खोकं आलं, उघडलं, आणि नवं इंजिन माझ्या तळहातावर मावलं. जुन्याच्या शेजारी ठेवलं तर म्हशीजवळ रेडकू उभं राहावं तसं दिसत होतं. जुन्या रुळांमधलं अंतर बत्तीस मिलिमीटर, नव्याचं साडेसोळा. हे खोक्यावर छापलेलं होतं. मोबाईलवरही लिहिलेलं होतं. मुलांना मोजपट्टी न आणल्याबद्दल वर्गाबाहेर उभं करणाऱ्या माणसानं मोजलं मात्र नव्हतं.

एक दिवस मी टपरीवर गेलो नाही. मग टपरीवर जाऊन जाहीर केलं, की आपल्याकडे दोन मार्ग राहणार, एक ब्रॉडगेज, एक नॅरोगेज, आणि हे मी मुद्दामच ठरवलं होतं.

जागेचा प्रश्न बायकोनं सोडवला. मागच्या अंगणात आमची टिनाची खोली आहे. तिथं धानाची पोती आणि धान साठवायची बांबूची मोठी ढोली असते. पौषात धान विकून झालं की खोली अर्धीअधिक रिकामी होते.

"पुढचे धान येईपर्यंत खोली तुमची," ती म्हणाली. "धान आले का तुमी बाहेर."

पौषाच्या थंडीत मी कामाला लागलो. सुताराकडून प्लायवूडचा मोठा पाट करून घेतला, लाकडी घोड्यांवर ठेवला. बाहेरून मोठी लाइन, आतून लहान लाइन, दोन्ही लांबट वर्तुळात. नव्या रुळांतून वीज वाहते, आणि जोड ढिले असले की वीज पोचत नाही, गाडी अडखळते. म्हणून मी एकूण एक जोडाला डाग दिला. रेडिओवाल्याकडून सोल्डरिंगची कढिया, म्हणजे डाग द्यायची तापती सळई, आणली होती. बोटं भाजली, एकदा मिशी जळाली, पण अखेर सगळे रूळ मिळून एकच अखंड लोखंडी कडं झालं. वर प्रत्येक वीतभर अंतरावर खिळे ठोकले. मला त्या कामाचा इतका अभिमान वाटला की मी बायकोला बोलावून दाखवलं.

"कुठंही फट नाही," मी म्हणालो. "पाहा, नखही शिरत नाही."

तिनं नख लावून पाहिलं. खरंच शिरलं नाही. फाल्गुनापर्यंत गाडी अशी धावली की मी स्वतःच तिच्याकडे पाहत बसे आणि जेवण गार होई.

वैशाखात कोंढ्याला आमच्या नात्यात लग्न निघालं. लग्न संध्याकाळचं होतं, म्हणून पाचसहा पाहुणे सकाळीच आमच्याकडे उतरले. त्यांत माझी थोरली बहीण होती, जिला आम्ही बाई म्हणतो, आणि तिचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी. ते नाकाडोंगरीकडे राहतात. रेल्वेत होते. रेल्वेत म्हटलं की लोकांना गार्ड किंवा स्टेशनमास्तर वाटतो. भाऊजी गँगमन म्हणून लागले आणि चाबीवाला म्हणून निवृत्त झाले. चाबीवाला म्हणजे रोज खांद्यावर हातोडा घेऊन आपल्या वाट्याची लाइन पायी चालायची, रुळाला धरून ठेवणाऱ्या ढिल्या चाब्या ठोकायच्या, आणि काही बिघडलेलं दिसलं तर लाल झेंडी घेऊन गाडीच्या दिशेनं पळायचं. मॅंगनीजच्या मालगाड्यांची ती लाइन त्यांनी आयुष्यभर चालली. आता गुडघे गेले आहेत.

खरं सांगायचं तर भाऊजींशी माझं बोलणं आयुष्यभर "कसं काय" आणि "बरं आहे" यांच्या पुढे गेलं नव्हतं. बाईचं लग्न ठरलं तेव्हा मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो आणि मला सगळं जग कळत होतं. रुळावर हातोडा मारणाऱ्याच्या घरी पोरगी देता का, असं मी वडिलांना म्हणालो होतो. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि लग्न लावून दिलं. नंतर मी मास्तर झालो, ते चाबीवालाच राहिले, आणि मी त्या वाक्याबद्दल विचार करायचं टाळत आलो.

त्या दिवशी जेवणं झाली. पाहुणे कूलरसमोर आडवे झाले. मला दम निघेना.

"संध्याकाळी दाखवा," बायको म्हणाली. "टिनात आता भट्टी असन."

पण संध्याकाळी लग्न होतं, आणि मला आत्ताच पाहिजे होतं. मी पाहुण्यांना उठवलं. शेजारच्या काकांना आणि शाळेत मराठी शिकवणाऱ्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांनाही बोलावून घेतलं. वैशाखातल्या दुपारी दोनच्या सुमारास आठ माणसं टिनाच्या खोलीत माझ्या रेल्वेभोवती उभी राहिली. मी भाषण सुरू केलं. ब्रॉडगेज म्हणजे काय, नॅरोगेज म्हणजे काय, चावीतली ऊर्जा गतीत कशी जाते. मराठीचे सर दुपट्ट्यानं मान पुसत होते. बाई म्हणाली, "बाबू, सुरू कर ना रे."

मी आधी जुन्या इंजिनाला पूर्ण चावी दिली आणि सोडलं. मग नव्याचं बटण फिरवलं. नवं इंजिन सरळ रेषेवर दिमाखात निघालं, वळणावर आलं, आणि तिथं त्यानं एकदम मान टाकली. इंजिन आणि मागचे तीन डबे आडवे झाले ते थेट बाहेरच्या लाइनवर. मी हात पुढे केला, पण चावीच्या गाडीला ब्रेक नसतो. जुनं इंजिन पूर्ण चावीच्या जोरावर आलं, नव्या डब्यांना पुढे ढकलत पाटाच्या कडेपर्यंत गेलं, आणि सगळं मिळून शेजारच्या काकांच्या पायावर उतरलं.

चाकांची घरघर चालूच होती. इंजिन उताणं पडून अजून धावत होतं.

"लागलं का?" मी काकांना विचारलं.

"मले नाही," ते म्हणाले. "डब्याले लागलं असन." त्यांनी डबा उचलून माझ्या हातात दिला.

मंडळी छान आहे, छान आहे म्हणत पांगली. अपघात पाहून छान आहे म्हणणारे लोक फार सज्जन असतात. मी पडलेलं सामान गोळा करत होतो. वर पाहिलं तर भाऊजी गेलेच नव्हते. ते पाटाच्या टोकाशी, गुडघ्यावर हात टेकवून वाकले होते. गाल पाटाला लावून, एक डोळा मिटून, ते रुळांच्या रेषेत पाहत होते. मग त्यांनी रुळावर तळवा ठेवला आणि लगेच उचलला.

"मास्तर, हे रूळ तुमी कवा टाकले?"

"पौषात."

"थंडीत," ते म्हणाले आणि मान डोलावली. "अन् जोड?"

"सगळे डाग देऊन पक्के केले. कुठंच फट नाही."

"तेच तं." त्यांनी वळणाकडे बोट दाखवलं. मीही वाकून पाहिलं. रूळ खिळे उपटून एका बाजूला फुगले होते. सापानं अंग मुडपावं तशी त्यांची रेषा झाली होती. मी समोर उभा राहून भाषण केलं तेव्हा ती तशीच होती. मी पाहिली नव्हती. "बकलिंग झालं हे. फट काहून नाही ठेवली तुमी?"

उत्तर दारातून आलं. बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती सातवी शिकलेली आहे. पण तीस वर्षं माझी शिकवणी आमच्या ओसरीत, तिच्या स्वयंपाकघराच्या दारासमोर भरत आली.

"शास्त्रीय कारण द्या," ती शांतपणे म्हणाली. "रेल्वेच्या दोन रुळांमध्ये फट ठेवलेली असते. उन्हाळ्यात उष्णतेने रुळांचे प्रसरण होते. फट न ठेवल्यास प्रसरणाला जागा न मिळाल्याने रूळ वाकतात व अपघात होण्याचा संभव असतो. म्हणून दोन रुळांमध्ये फट ठेवलेली असते."

तिनं तांब्या भाऊजींना दिला. एक शब्दही चुकला नव्हता. "म्हणून" लिहून वाक्य पूर्ण न करणाऱ्यांचा मी अर्धा गुण कापत असे. तिनं तेही केलं होतं.

भाऊजी पाणी प्यायले. त्यांना हसू येत होतं आणि ते दाबत होते, कारण ते जावई होते आणि मी मास्तर. मग मीच हसलो, आणि तिघंही हसलो, आणि बाई आतून काय झालं म्हणून पाहायला आली.

लग्न लागलं. बाकीचे पाहुणे दुसऱ्या दिवशी गेले. भाऊजींचं मात्र पाऊल निघेना. बाई त्यांच्याकडे बोट करून म्हणाली, "यायले आता करमणार नाही. राहू दे दोन दिवस." ते पाच दिवस राहिले. सकाळी टिन तापायच्या आत आम्ही दोघं खोलीत जात असू. मी कढियानं एकाआड एक जोडाचा डाग सोडवायचा, त्यांनी रूळ मोकळा करून सरळ करायचा. फट किती ठेवायची हा प्रश्न आला. मी कागद घेऊन गुणांक, तापमानातला फरक आणि रुळाची लांबी मांडू लागलो. माझा हिशेब होईपर्यंत भाऊजींनी कोंढ्याच्या लग्नाची पत्रिका घेतली, तिची एक पट्टी कापली आणि जोडात घालून पाहिली.

"एवढी बस," ते म्हणाले. माझं उत्तर आलं तेही जवळपास तेवढंच होतं. मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांची बोटं जाड, नखं काळवंडलेली, आणि रूळ काडेपेटीतल्या काड्यांएवढे. मला वाटलं होतं त्यांना जमणार नाही. पण ते माझ्या चष्म्याच्या भिंगातून पाहत, जीभ दातांत धरून, इतक्या हळुवारपणे खिळा ठोकत की मी माझे पूर्वीचे खिळे पाठीमागे लपवले. फटी आल्या तशी वीज तुटली, गाडी जागच्या जागी उभी राहिली. भाऊजी बाजूला झाले.

"वायरीचं मले समजत नाही. ते तुमचं काम."

मी पाटाखाली उताणा झोपलो आणि प्रत्येक तुकड्याला खालून वेगळी तार जोडली. एवढं काम मात्र मला नीट जमलं. खाली झोपल्यावर माणसाचं तोंड दुसऱ्याला दिसत नाही, म्हणून असेल, मी तिसऱ्या दिवशी खालूनच म्हणालो, "भाऊजी, तुमच्या लग्नाच्या वेळी मी एक गोष्ट बोललो होतो."

"हातोड्याची?"

तार हातातच राहिली.

"मले मालूम हाये. तुमच्या बहिणीनं तवाच सांगितलं होतं."

"मंग तुमी मले काही म्हटलं काहून नाही?"

"काय म्हणू?" वरून ठोकण्याचा बारीक आवाज येत राहिला. "हातोडा तं मारतच होतो."

मग त्यांनी आपणहून सांगितलं, उन्हाळ्यात त्यांना भर दुपारी गस्त असायची. सगळं गाव आत झोपलेलं, आणि ते डोक्यावर ओला दुपट्टा टाकून लाइन चालायचे, कारण रूळ फुगतात ते दुपारीच. एकदा नाकाडोंगरीच्या अलीकडे रूळ असाच मुडपलेला दिसला. माल भरलेली गाडी येत होती. ते पळाले. चप्पल तुटली, गिट्टीवर तळपाय फाटले, गाडी थांबली. ड्रायव्हरनं खाली उतरून त्यांना विडी दिली.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. विडी ओढली. रूळ सरळ करायले गँग बोलावली."

बाईनं हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, आणि मी तेव्हा कोणाला तरी सल्ला देत असेन. मी पाटाखालून बाहेर आलो. मी म्हणालो, "चुकलंच माझं." भाऊजींनी खिळ्यांची डबी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "दोन द्या."

पाचव्या दिवशी दुपारी दोन वाजता, टिन ताव खात असताना, त्यांनीच गाडी सोडायला लावली. सकाळी सोडून काय कळन, असं त्यांचं म्हणणं. मी बटण फिरवलं. नवी गाडी वळणावर आली, जोडांवरून खट्‌खट् करत गेली आणि पुढच्या सरळ रेषेला लागली. मग जुनीला चावी दिली. भाऊजी दोन्हीकडे पाहत नव्हते. ते मान तिरकी करून फक्त आवाज ऐकत होते. सातव्या फेरीला म्हणाले, "त्या कोपऱ्यात एक जोड खाली बसून राहिला." पाहिलं तर बसलेला होता.

कार्तिकात नवे धान आले आणि बायकोनं शब्द पाळला. पाट समोरच्या बैठकीत आला, दिवाण बाहेर गेला. आता आमच्याकडे येणारा माणूस आधी खुर्चीला अडखळतो आणि मग रेल्वे पाहतो. परवा शाळेचे नवे मुख्याध्यापक आले होते. त्यांनी विचारलं, हे सगळं कुणी बनवलं. मी खाकरलो, पण बायको चहा घेऊन आली होती.

"आमच्या जवायानं," ती म्हणाली. "रेल्वेत होते ते." मग माझ्याकडे पाहून, "वायरी यायनं जोडल्या."

भाऊजींचा फोन आता दर आठवड्याला येतो. पूर्वी बाई बोलायची आणि ते मागून "बरं आहे म्हणा" म्हणायचे. आता ते आधी फोन घेतात. ऊन किती आहे विचारतात, जोड पाहिले का विचारतात, आणि मी पाहिले म्हटलं तर कोणते कोणते ते विचारतात. मागच्या खेपेला ते आले तेव्हा मी लाइनवर पुठ्ठ्याचा एक बोगदा करून ठेवला होता. त्यासाठी मी पंधरा दिवस राबलो होतो. त्यांनी तो चारी बाजूंनी पाहिला.

"आमच्या लाइनवर बोगदा नाही, मास्तर."

"ही आपली लाइन आहे ना, भाऊजी."

"म्हणूनच म्हणतो," ते म्हणाले. त्यांनी बोगदा उचलून खिडकीत ठेवला आणि बोगद्याच्या जागी, त्यांच्या गस्तीच्या वाटेवर होतं तसं, एक फाटक बसवा म्हणाले. फाटकाशी एक पळसाचं झाड पाहिजे, आणि झाड डाव्या हाताला. मी विचारलं, डावा हात कुठून पाहिलं तर. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढे काही न विचारता पळसासाठी तार कापायला बसलो.